दारात बसला भोपळा

ओढ्याकाठी होता एक मळा. मळा कुणा एकाचा नाही, साऱ्या गल्लीचा. प्रत्येक घराला एक वाफा. कुणाची भेंडी, कुणाची गवार, कुणाची काटेरी वांगी. गणपती गावाला गेले. पाऊस दमला. पिवळं पिवळं ऊन पडलं. भाज्या टोपलीत यायला लागल्या.

हौसामावशीच्या वाफ्याला कुंपण. कुंपणावर भोपळ्याची वेल. कुंपणाखाली इवलंसं बीळ. बिळात राहायची किरकी. किरकी कोण? रातकिड्याची पोर. मोहरीएवढं डोकं, काडीसारखे पाय. आणि तिचा भाऊ बारकू? तो तर तिळाएवढा!

एके सकाळी किरकी म्हणाली, "बारकू, तू नीज हं. मी तुला काकडीचं फूल आणते."

टुप टुप टुप! किरकी गेली. फूल घेऊन आली. आणि बघते तर काय?

कुंपणावरचा भोपळा ऊन पिऊन पिऊन जड झाला होता. तो घसरला. सर्रर्र... धप्प! बसला थेट दारात!

आतून इवलासा आवाज आला, "ताई, अंधार झाला गं..."

"आले रे, बारकू, आले!" किरकीनं फूल बाजूला ठेवलं. भोपळ्याला ढकललं. भोपळा काही हलेना.

"भोपळ्या भोपळ्या, सरक ना!
आत माझा बारकू एकटा!"

भोपळा म्हणाला, "देठानं धरलंय गं मला. देठ सुटेल तर सरकेन."

टुप टुप टुप! किरकी चढली देठाकडे.

"देठा देठा, सुट ना!
भोपळा सरकेना,
आत माझा बारकू एकटा!"

देठ म्हणाला, "मी काय असातसा सुटतो? विळा चालेल तर सुटेन."

टुप टुप टुप! किरकी गेली विळ्याकडे. विळा खुंटीवर लटकत होता.

"विळ्या विळ्या, चाल ना!
देठ सुटेना,
भोपळा सरकेना,
आत माझा बारकू एकटा!"

विळा म्हणाला, "मला पाय आहेत का गं? मावशी उचलेल तर चालेन."

टुप टुप टुप! किरकी गेली हौसामावशीकडे. मावशी गवार तोडत होती.

"मावशी मावशी, उचल ना!
विळा चालेना,
देठ सुटेना,
भोपळा सरकेना,
आत माझा बारकू एकटा!"

"अगंबाई! एकटा?" मावशी म्हणाली. "पण भोपळ्याला पहिला विळा बाईनं लावायचा नसतो."

"का नसतो?"

"का म्हणजे... नसतो बाई! काका येतील तर उचलीन."

टुप टुप टुप! किरकी गेली गेनूकाकांकडे. गेनूकाका म्हणजे मावशीचे नवरे. ते बांधावर उभे होते. एका पायात चप्पल. दुसरा पाय वर. अगदी बगळ्यासारखे!

"काका काका, या ना!
मावशी उचलेना,
विळा चालेना,
देठ सुटेना,
भोपळा सरकेना,
आत माझा बारकू एकटा!"

काका म्हणाले, "येतो की पोरी! पण वाटेत वांग्याचे काटे. आणि माझी चप्पल पळवली त्या ढब्बूनं. ढब्बू सोडेल तर येईन."

टुप टुप टुप! किरकी गेली ढब्बूकडे. ढब्बू म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. गोल पोट, लोंबते कान, तोंडात चप्पल.

"ढब्बू ढब्बू, सोड ना!
काका येईनात,
मावशी उचलेना,
विळा चालेना,
देठ सुटेना,
भोपळा सरकेना,
आत माझा बारकू एकटा!"

"ऊंऽ ऊंऽ!" ढब्बू दातांतून बोलला. "झोप येत नाही मला. मग मी चप्पल चावतो. झोप येईल तर सोडेन."

आता कुणाकडे जायचं? किरकी दमली होती. पाय दुखत होते. डोळे भरून आले होते.

पण झोप? झोप तर तिला आणता येत होती! रोज बारकूला तीच तर निजवायची. किरकी ढब्बूच्या लोंबत्या कानाखाली बसली. हळूच गाऊ लागली.

"किर्र किर्र, किर्र किर्र,
नीज रे बाळा, किर्र किर्र..."

गाणं वाऱ्यावर गेलं. पार बिळापर्यंत गेलं. आत बारकूचं रडू थांबलं.

"किर्र किर्र, किर्र किर्र..."

ढब्बूचा एक डोळा मिटला. दुसरा मिटला. ढब्बूनं दिली मोठ्ठी जांभई. आऽऽऽ! चप्पल पडली. थप्प!

मग काय!

ढब्बूनं सोडली.
काका आले. फटक फटक!

"तो घ्या खुंटीवरचा विळा," मावशी म्हणाली. "पहिला तुम्ही लावा."

काका म्हणाले, "बी कुणी पेरलं?"

"मी."

"पाणी कुणी घातलं?"

"मी."

"मग विळा कुणी लावायचा?"

मावशीनं काकांकडे पाहिलं. भोपळ्याकडे पाहिलं. खालून इवलासा आवाज आला, "ताई..."

"मी!" मावशी म्हणाली.

मावशीनं विळा उचलला.
विळा चालला. कच्च!
देठ सुटला. टक्क!
भोपळा सरकला. गडगड गडगड गडगड!
दार उघडलं!

किरकी आत धावली. बारकू तिला गच्च बिलगला.

"ताई, रात्र संपली?"

"रात्र नव्हती रे, वेड्या. भोपळा होता!"

भोपळा कापला. प्रत्येक वाफ्याला एक फोड मिळाली. मावशीनं केले घारगे, गोड गोड, गरम गरम. पहिला घारगा कुणाला? काकांना? नाही. ढब्बूला? तो तर अजून घोरतोय! पहिल्या घारग्याचा चुरा मावशीनं नेऊन ठेवला इवल्याशा बिळाच्या दारात. काकडीच्या फुलाच्या शेजारी.

बारकूनं घारगा खाल्ला. फूल पांघरलं. किरकी गाऊ लागली, किर्र किर्र.

घारगा गेला पोटात, गोष्ट उरली ओठात.