तीन कोसांची वाट

फार जुन्या काळी, एका डोंगराळ राज्यात राजाचे खलिते जासूद धावत पोहोचवत. प्रत्येक जासुदाला तीन कोसांचा टप्पा नेमून दिलेला असे. टप्पा संपला की खलित्यांची थैली पुढच्याच्या हाती द्यायची.

या जासुदांवर एक नाईक होता. माणूस करडा, पण लबाड नव्हे. कोणाला किती घटका लागल्या ते तो रोज पाही. जो लवकर पोहोचे त्याला बढती मिळे. जो मागे राही त्याची चारचौघांत खरडपट्टी निघे. सगळ्यांना तीनच कोस; मग कुरकुर कसली, असं त्याला वाटे.

सुभान नावाचा जासूद मात्र रोज दोन घटका मागे पडे. मागून आलेले पुढे गेले. सहा वर्षं सुभान होता तिथेच राहिला.

एकदा भर पावसाळ्यात नाईक सर्वांदेखत म्हणाला, "सुभान, उद्या उशीर झाला तर थैली काढून घेईन."

"नाईक, माझ्या वाटेत नदी आहे."

"कारणं सगळ्यांकडे असतात!"

लोक हसले. सुभानने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी नदीला पूर होता. सुभान तराफ्यासाठी थांबला नाही. थैली डोक्याला बांधून त्याने उडी घेतली. थैली वेळेत पोहोचली, पण खडकावर आपटून त्याचा पाय मांडीत मोडला.

त्या टप्प्यावर जायला कोणी तयार होईना. शेवटी नाईक स्वतः निघाला. आधी छातीवर येणारा चढ, मग निसरडी खिंड, मग नदी. तो पोहोचला तेव्हा सुभानपेक्षाही तीन घटका जास्त झाल्या होत्या.

तो तसाच चिखलाच्या पायांनी सुभानच्या घरी गेला.

"खिंडीचं कधी बोलला नाहीस?"

"नदीचं बोललो तर लोक हसले, नाईक. पुढे बोलायला तोंड उरलं नाही."

नाईक खाली बसला.

पुढे त्याने राज्यातला प्रत्येक टप्पा पाहून घेतला. अवघड टप्पे तोडून दोन-दोन जासुदांत वाटले. वाटा पारखण्याचं काम त्याने सुभानवर सोपवलं. तट्टावर बसून सुभान गावोगाव हिंडे आणि त्याचा शब्द दरबारात मानला जाई. पण तो पुन्हा कधी धावला नाही, आणि नाईक त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकला नाही.

तात्पर्य: माणसाचं काम जोखायचं असेल, तर आधी ते काम त्याला कुठे आणि कशात करावं लागतं ते पाहावं.