धोंडाजीचं गालबोट

ऐका हो, निमखेडच्या विहिरीला पहिलं पाणी लागलं त्या काळातली ही गोष्ट. गावात धोंडाजी पाथरवट होता. त्याचा हात इतका साफ, की त्यानं घासलेल्या दगडावरून माशीसुद्धा घसरून पडायची, असं म्हणतात.

गावानं त्याला धर्मशाळा बांधायला सांगितली. धोंडाजीनं जीव ओतला. सरळ खांब, सपाट भिंती, कुठं फूल नाही की पान नाही. बघून त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

गाव आलं, बघितलं आणि डोकं खाजवू लागलं. पाटील म्हणाले, "धोंडाजी, मोर कुठं आहेत?"

"मोर रानात आहेत, पाटील."

"आणि हत्ती? निदान दोन पोपट? अरे, ही बोडकी भिंत बघून सुतकाच्या घरी आल्यासारखं वाटतंय!"

धोंडाजी पेटला. "आत माणूस पाठ टेकेपर्यंत मी छिन्नीला हात लावणार नाही!" झालं! वाटसरू यायचे, आत डोकावायचे आणि बाहेर चिंचेखाली झोपायचे. इकडे छिन्नीला गंज चढला आणि धोंडाजीचं काळीज तुटत गेलं.

शेवटी त्याची मावशी सगुणाबाई आली. म्हणाली, "लेकरू देखणं आहे रे तुझं. पण दृष्ट लागेल. एक गालबोट लावू दे."

आपलं काम कुणीतरी देखणं म्हणालं! धोंडाजी विरघळला. "लाव मावशी. पण एकच हं."

इथंच फसला बिचारा. मावशीनं गालबोट म्हणून हिरवागार पोपट काढला! ते बघून अख्खं गाव रंगाची मडकी घेऊन धावलं. ज्याचं त्याचं एक गालबोट. कुणाचा मोर, कुणाचा हत्ती, कुणाचा मिशीवाला सिंह. पोपट तर इतके जिवंत, की शेजारच्या पेरूंना चोची मारायचे, असं म्हणतात. त्या संध्याकाळी धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती.

धोंडाजी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला. "एवढी तरी सोडा रे," तो रडवेला होऊन म्हणाला. उठला तेव्हा त्या रंगांच्या गर्दीत त्याच्या पाठीएवढी भिंत कोरी राहिली होती. मावशी लांबून निरखत म्हणाली, "अगंबाई, खरं गालबोट तर हे!" धोंडाजीला हसू फुटलं, आणि त्यानं छिन्नी उचलली.

आजही निमखेडात नवं घर झालं की गच्चीवर विमानाच्या आकाराची टाकी, दारात सिंह, भिंतीला गुलाबी रंग, सगळं असतं. पण रंगारी पाठीएवढी जागा सोडतोच. नवखा पाहुणा विचारतो, "रंग कमी पडला वाटतं?"

"छे हो," घरधनीण म्हणते, "ती धोंडाजीची. टेका की पाठ."