मुक्या चौकातली मोगरी

जुन्या पेठेत तांबटांचा एक चौक आहे. सकाळभर तिथे घागरींवर हातोडे असे वाजतात, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. पण बारा वाजले की सगळे हात थांबतात आणि दिवस कलेपर्यंत पारव्यांची घुमघुम तेवढी उरते. म्हणून हा मुका चौक. पाहुण्यांनी कारण विचारलं, तर वयोवृद्ध कारागीर विसूकाका त्यांना कालिकेच्या देवळाच्या पायरीवर बसवतात आणि सगुणेची गोष्ट सांगतात.

सगुणा म्हणे नदीकाठच्या एका निवांत खेड्यातून इथे सून म्हणून आली. पहिलटकरीण. मुलगा दोन महिन्यांचा असताना तापला. ताप उतरला, पण झोप उडाली ती उडालीच. वैद्य म्हणाले, झोपला तर तगेल. सगुणेनं जायफळ उगाळलं, दृष्ट काढली, ती नीट निघाली नसेल म्हणून पुन्हा काढली. शेवटी तिच्या मनानं घेतलं, की हे ठोकेच पोराला झोपू देत नाहीत. तिनं कालिकेला शब्द दिला, ‘तीन दिवस या चौकात हातोडा पडणार नाही, पण माझं बाळ झोपव.’

घरी येताना तिच्या ध्यानात आलं, की हातोडे काही तिचे नव्हते.

सासरे रामशेट चौकातले म्होरके. ते एवढंच म्हणाले, “नवस बोलण्याआधी विचारायची रीत आहे, सूनबाई.” पण देवीला दिलेला शब्द, म्हणून तेच घरोघर फिरले. लग्नसराई तोंडावर होती. कारागीर कुरकुरले, तरी दुसऱ्या दिवशी हातोडे खाली राहिले.

चौक गप्प झाला आणि बाळानं टाहो फोडला. दोन दिवस, दोन रात्री. याहून हातोडे बरे, असं लोक उघड म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाचा आवाज बारीक होत चालला, तेव्हा सगुणेनं त्याला छातीशी धरलं. आपणच पोराच्या जिवावर उठलो, असं तिला वाटलं.

सासूबाई चिमाबाई शेजारी येऊन बसल्या. “तू खेड्यातली, तुला शांततेत झोप लागते. याची झोप तापानं मोडली, ठोक्यांनी नाही; हा पोटात असल्यापासून ठोके ऐकतोय. याला शांतताच खायला उठली असेल.”

“मग दोन दिवस बोलला का नाहीत?”

“मला तरी कुठं सुचलं? माझाही डोळा लागला नाही दोन दिवस.”

पण नवस मोडायचा कसा? रामशेट डोकं धरून बसले. सगुणेची नजर कोपऱ्यातल्या लाकडी मोगरीवर गेली. पत्र्याला बाक देताना तांबट तीच वापरतात.

“मी हातोडा म्हणाले होते,” ती चाचरत म्हणाली. “मोगरी नाही.”

रामशेटांनी देवळाकडे पाहिलं. “देवी तांबटांची आहे. तिला फरक कळतो.”

सगुणेनं घागर पालथी घातली आणि ठोका दिला. मग दुसरा. ठोके इतके वेडेवाकडे पडत होते, की कारागिरांचे चेहरे कसनुसे झाले. पण हळूहळू बाळाच्या मुठी सैल झाल्या आणि ते झोपलं, ते थेट दिवेलागणीपर्यंत. तीन दिवसांचा जागा चौकही बसल्याजागी लवंडला. दुसऱ्या दिवशी हातोडे सुरू झाले खरे, पण त्या दुपारच्या झोपेची गोडी काही सुटेना.

आजही चौकात कुणाकडे बाळ जन्मलं, की बाराव्या दिवशी दुपारी पाळण्याजवळ घागर पालथी घालतात आणि मोगरी आईच्या हाती देतात. बहुतेकदा बाळाआधी आईच झोपते, असं सांगतात. तिला उठवायची पद्धत नाही.