दोन व्याही आणि डोंगरातली भेग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की डोंगर आणि दऱ्या कशा झाल्या हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच त्यावर सगळे अगदी खात्रीनं बोलत असत.

एका डोंगराच्या पायथ्याशी लहानशी वाडी होती. तिथं दोन म्हातारे पंडित राहत. दोघे एकमेकांचे व्याही. एकाची मुलगी दुसऱ्याच्या मुलाला दिलेली.

मुलीच्या वडिलांचं म्हणणं, जग हळूहळू घडलं. नदीतला एक गुळगुळीत गोटा ते येईल त्याला दाखवत. "याला कुणी घासलं? पाण्यानं. किती काळ घासलं? तुमच्या खापरपणजोबांनाही मोजता आला नसता इतका. डोंगरसुद्धा असेच झाले, कणाकणानं."

मुलीच्या सासऱ्यांना हे मुळीच पटत नसे. त्यांना डोंगरमाथ्यावरच्या दगडात एक शिंपला सापडला होता. "हा काय समुद्रातून इथवर चालत आला? अहो, एके दिवशी धरणी गरजली, पोटातून आग उसळली, समुद्र उलटापालटा झाला आणि डोंगर उभे राहिले. एका दिवसात! मग जे शांत झालं ते आजतागायत."

पोरांच्या लग्नाच्या पंगतीतही हा वाद इतका रंगला, की दोघांच्या पानातला वरणभात गारढोण झाला. पण माणसं मनानं फार चांगली. एकाला ताप आला की दुसरा काढा घेऊन हजर होई. काढा पिऊन झाला की लगेच वाद सुरू.

पुढे मुलीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. ते घर वाडीत सगळ्यात वर, अगदी डोंगराला टेकून. बारशाला सारी वाडी जमली. नाव ठेवून झालं, आणि घुगऱ्या वाटत असतानाच गुराखी धापा टाकत आले.

"वर कड्याखाली जमिनीला भेग पडलीय. हात आत जातो. वाडी हलवावी का?"

सगळ्यांनी पंडितांकडे पाहिलं.

"छे!" मुलीचे वडील म्हणाले. "डोंगर हळूहळू घडतो आणि हळूहळूच झिजतो. ती भेग वाढायला कित्येक पिढ्या जातील. खुशाल राहा."

"हलायचं काही कारण नाही," सासरे म्हणाले. "डोंगर हलायचा असेल तर आधी धरणी गरजते. गरजली का? नाही ना? मग खुशाल राहा."

लोकांना कोण आनंद झाला! "या दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. आता शंका कसली?" असं म्हणत माणसं घुगऱ्या खाऊन आपापल्या घरी गेली.

खरं तर हे उत्तर सगळ्यात जास्त कुणाला हवं असेल, तर त्या बाळंतिणीला. अंग अजून दुखत होतं, लेकीचे डोळेही नीट उघडत नव्हते. अशात घर सोडून कुठं जायचं? पण पाळणा हलवता हलवता तिच्या मनात काहीतरी टोचत राहिलं. तिनं दोघांना आत बोलावलं.

"बाबा, मामंजींचं म्हणणं तुम्हाला पटलं?"

"अजिबात नाही. धरणी गरजते म्हणे! पोरखेळ नुसता."

तिनं पदर सावरला. "मामंजी, आणि बाबांचं म्हणणं?"

"शिव शिव! पिढ्यान् पिढ्या झिजायला डोंगर म्हणजे काय वहाण आहे?"

"म्हणजे बाबांच्या मते मामंजींचा भरवसा खोटा, आणि मामंजींच्या मते बाबांचा. मग माझी लेक या पाळण्यात नेमकी कुणाच्या भरवशावर निजलीय?"

वडिलांनी पाळण्यात बोट घातलं, तर नातीनं ते घट्ट धरलं.

"व्याहीबुवा," ते हळूच म्हणाले, "तुम्ही ती भेग पाहिलीत?"

"नाही. तुम्ही?"

"मीही नाही."

गुडघे धरल्यापासून दोघांपैकी कुणीच डोंगर चढलं नव्हतं. आता मात्र ते काठ्या टेकत, एकमेकांना हात देत वर गेले. भेगेच्या काठावर एक झाड होतं. त्याची मुळं भेगेवरून पलीकडे गेलेली. काही केव्हाच तुटून वाळली होती. काही मात्र नुकतीच तुटलेली, आतून पांढरी आणि ओली.

"कित्येक वर्षं हे चाललंय," वडील पुटपुटले.

"आणि आता फारसं उरलेलं नाही," सासरे म्हणाले.

दोघे ओरडतच खाली आले. "उठा! वाडी सोडा!"

"अहो, मघाशी तर खुशाल राहा म्हणालात!"

"मघाशी आम्ही न बघता बोललो. चुकलं आमचं."

"पण बाळंतीण उंबरा कसा ओलांडणार?" एक म्हातारी म्हणाली. सासऱ्यांनी नात उचलून छातीशी धरली, सुनेला पुढं घातलं आणि चालू लागले. ते पाहून सारी वाडी त्यांच्यामागून निघाली. त्या घाईत गोटा आणि शिंपला आपापल्या फडताळातच राहिले.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात डोंगर खाली आला. घरं गेली, गोटा गेला, शिंपला गेला. माणूस मात्र एकही गेलं नाही.

पलीकडच्या माळावरून सगळे बघत होते. कुणाला रडू आवरेना, कुणी लेकराला घट्ट कवटाळलं. सासऱ्यांनी काठी डोंगराकडे रोखली. "बघितलंत ना? एका क्षणात खाली आला."

"क्षणात? मुळं कधीपासून तुटत होती, ते विसरलात?"

रडणारी माणसंही हसली. मुलगी म्हणाली, "भांडा हवं तेवढं. पण यापुढं डोंगरावर जाऊन भांडा."

तेव्हापासून दोघे व्याही दर पावसाळ्याआधी नव्या वाडीमागची टेकडी चढत, जमीन वाकून वाकून पाहत आणि पोटभर भांडून खाली येत.

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, किती जण एकच गोष्ट सांगतात ते मोजू नका, ते पाहून सांगतात का, एवढं विचारा.