झोळीतली लिंबं

“…पण मग दर वेळी मला लांब का बसवता?”

श्रीरंगनं पुन्हा विचारलं. बांधावरच्या बोरीखाली वाकून हंसपुरी बुवांनी मूठभर बोरं वेचली, निम्मी त्याच्या हातावर ठेवली आणि चालू लागले.

पौष लागला होता. पठारावर शाळू हुरड्यात आला होता, करडईला काटे धरले होते, आणि ऊन चढलं तरी वाऱ्यातला गारठा हटत नव्हता. पायाखालची वाट जुनी होती. एके काळी मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे या वाटेनं घाट चढायचे. आता तिच्यावर गवत वाढलं होतं. मधूनच एखादी बुजलेली बारव दिसायची, जकातीच्या चौकीचा पडका चौथरा दिसायचा, आणि गावोगावच्या शिवारात लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाच्या, उभ्या-आडव्या पडलेल्या वीरगळी दिसायच्या.

बुवांचा मठ घाटाच्या पायथ्याशी होता. दर पौषात ते ही वाट चालायचे. एकटेच जायचे. यंदा श्रीरंगला बरोबर घेतलं होतं.

श्रीरंग डहाळे शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. दिवाळीनंतर नोकरी सोडून तो मठात येऊन राहिला. मनाला स्वस्थता हवी म्हणून आलो, असं तो सांगे. पण पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही जुनी सवय त्याच्याबरोबरच मठात आली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता. गावकरी म्हणाले, हे लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलं, की तो हसायचा आणि ते कोणाच्या काळातलं ते समजावून सांगायचा. गावकऱ्यांचे चेहरे पडायचे.

वीरगळ आली की मात्र बुवा त्यालाच विचारायचे. मग श्रीरंग दगडावर बोट ठेवून सांगायचा. हे खाली गाईंचे कळप, त्या पळवून नेताना झालेली लढाई आणि त्यात पडलेला माणूस. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो महादेवाची पूजा करत बसलाय. बुवा शाळकरी मुलासारखं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “छान. आता तू तिकडं जाऊन बस. वाटेकडं तोंड करून बस.”

तो पाठमोरा बसायचा. मागं बुवांच्या काठीनं माती उकरल्याचा आवाज यायचा. बुवा परत यायचे तेव्हा त्यांच्या नखांत ओली माती असायची आणि झोळी मघापेक्षा फुगलेली असायची.

झोळीला ते गाठ मारून ठेवायचे आणि झोपताना उशाला घ्यायचे.

निघायच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या स्टँडवरच्या चहावाल्यानं श्रीरंगला हटकलं होतं. बुवाबरोबर चाललात का, असं विचारून तो हसला होता. म्हातारा दरसाल जुने दगड हुडकत फिरतो. दगडाखाली काय असतं हे तुम्हा शिकलेल्यांना आम्ही काय सांगावं… पुढं त्यानं कप विसळायला घेतले.

गुप्तधन. शब्द त्यानं उच्चारला नव्हता, पण श्रीरंगच्या डोक्यात तो बसला तो बसलाच. पहिल्या दिवशी त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग माती उकरल्याचा आवाज आला. मग झोळी फुगली. बुवा रोज सगळ्या वीरगळींचा अर्थ त्याच्याकडून काढून घेतात आणि नेमक्या वेळी त्याला पाठमोरं बसवतात, हेही आता त्याला वेगळंच दिसू लागलं. आपल्याकडून माहिती काढून घेतली जातेय. त्यासाठीच यंदा आपल्याला बरोबर घेतलंय.

“झोळीत काय आहे, बुवा?” त्यानं त्या दिवशी सरळच विचारलं.

“ओझं.”

“कशाचं?”

बुवांनी बोराची बी थुंकली आणि पुढं बोट दाखवलं. हिवरतळ्याचं शिवार दिसू लागलं होतं.

गावाबाहेर, शाळूच्या दोन रानांमधल्या पडीक तुकड्यात एक वीरगळ कलती उभी होती. तिच्या बुडाशी माती नुकतीच हलवलेली होती. श्रीरंगच्या नजरेतून ते सुटलं नाही. या वेळी बुवांनी त्याला दगडाविषयी काही विचारलं नाही. हातानंच खूण करून लांब बसायला सांगितलं.

तो बसला. मागं काठी टोकरल्याचा आवाज आला, गाठ सोडल्याचा, बांधल्याचा. त्यानं मान वळवली नाही. वळवावी असं फार वाटत होतं… पण तेवढ्यात शाळूतून माणसं बाहेर आली.

पाच-सहा जण होते. पलीकडच्या बांधाला आगटी पेटवून हुरडा भाजत बसले होते. त्यांच्यातल्या एकानं, रंभाजी त्याचं नाव, बुवांची झोळी धरली. काय हुडकताय, कोण तुम्ही, दगडाशी काय काम, असे प्रश्न सगळीकडून सुरू झाले.

त्यांच्या बोलण्यातून श्रीरंगला कळलं ते असं. तीन दिवसांपूर्वी रात्रीचं कुणीतरी या दगडाखाली उकरलं होतं. तेव्हापासून गावाचा जीव थाऱ्यावर नव्हता. धनाचा हंडा काढायचा तर बळी द्यावा लागतो, पोर द्यावं लागतं, असं कुणी म्हणालं आणि ते घरोघर झालं. बायकांनी पोरं शाळेत पाठवणं बंद केलं होतं. गडी काठ्या घेऊन राखण करत होते. कोण उकरतं ते हाती लागलं तर त्याला सोडायचं नाही, असं ठरलं होतं.

गेनबा नाना म्हणून एक वयस्क गृहस्थ मागून सावकाश आले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि रंभाजीला झोळीची गाठ सोडायला सांगितली.

रंभाजीनं गाठ उलगडली आणि झोळी उपडी केली.

लिंबं पडली. काही सुकलेली, काही टाचण्या टोचलेली, काही अगदी ताजी. हळदी-कुंकवानं माखलेल्या चिंध्या पडल्या, काळे दोरे पडले, एक तुटकी काळी बाहुली पडली.

वाऱ्यानं शाळूची पानं तेवढी वाजत होती.

इतके दिवस श्रीरंगला ज्याचा संशय होता, त्याचा पुरावा समोर मातीत पडला होता. भीती वाटत होती हे खरं, पण आपलं बरोबर निघालं याचं एक बारीकसं समाधानही मनात येऊन गेलं, आणि ते आलेलं त्याला कळलं.

“हे तुमचं?” नानांनी बुवांना विचारलं.

“झोळी माझी,” बुवा म्हणाले. “मग आतलंही माझंच.”

रंभाजीनं हात उगारला आणि बुवांच्या मुस्काटात मारली. बुवांचा फेटा सुटून खाली पडला. ते मागं कोलमडले, वीरगळीला धरून सावरले.

मग सगळे श्रीरंगकडे वळले. हा कोण? हा पण त्याच्यातलाच का?

“मी त्यांच्याबरोबर नाही,” श्रीरंग म्हणाला. “म्हणजे वाटेत भेटलो. दगड बघायला आलोय. हे काय करतात ते मला माहीत नाही. मी काही पाहिलेलं नाही.”

त्याला वाटलं, बुवा आता आपल्याकडे बघतील. बुवांनी बघितलं नाही. ते नानांना म्हणाले, “खरं सांगतोय तो. त्यानं काही पाहिलेलं नाही.”

कुणीतरी पोलिसांना फोन लावायचं म्हणत होतं, कुणी आधी दोन-चार ठेवून द्यायच्या म्हणत होतं. रंभाजीचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. तो वाकून लिंबं गोळा करू लागला, आगटीत टाकायला. श्रीरंगची नजर त्याच्या हातांकडे गेली. नखांच्या कडांत पिवळं होतं. बोटांच्या बेचक्यांत लाल कुंकू वाळून बसलेलं होतं. चिंध्या त्यानं आत्ता हातात घेतल्या होत्या, पण त्यावरचं कुंकू सुकून भुकटी झालेलं होतं. बोटांवरचं ओलं असताना लागून सुकलं होतं, धुऊनही न गेलेलं.

श्रीरंगनं तोंड उघडलं.

या वेळी बुवांनी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं… आणि मान किंचित हलवली. नको.

श्रीरंगनं तोंड मिटलं. आपण गप्प बसलो ते बुवांनी सांगितलं म्हणून, की आपली कातडी वाचवायला, हे त्याला तेव्हाही ठरवता आलं नाही.

शेवटी गेनबा नानांनी निकाल दिला. म्हातारा माणूस आहे, जीव गेला तर गावाला लागेल. झोळी आणि आतलं सगळं जाळा, आणि याला शिवेबाहेर घालवा. एका तरुणानं मोबाइलवर बुवांचा फोटो काढला, फेटा नसलेला, गालावर बोटं उमटलेला, आणि सगळ्या गावांच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या कुठल्याच शिवारात बुवांना आता पाऊल टाकता येणार नव्हतं.

आगटीत लिंबं फुटल्याचा आवाज शिवेपर्यंत येत होता.

शिव ओलांडल्यावर श्रीरंग बऱ्याच अंतरानं मागून चालत होता. ओढ्याशी बुवा थांबले, हातपाय धुतले, गालावर पाणी मारलं. श्रीरंग पलीकडच्या काठावर उभा राहिला. जवळ जायचा धीर होईना.

“ये,” बुवा म्हणाले. “लांब बसायचं काम संपलं आता.”

तो आला. बसला. मग त्यानं विचारलं, ते सगळं कुठून आलं.

बुवांनी सांगितलं. दगडापाशी आधी लिंबू येतं, मग कुदळ येते, मग दगड फुटतो. लिंबू मध्येच नाहीसं झालं तर खणणारा घाबरतो, देवाला मान्य नाही म्हणतो आणि नाद सोडतो. थंडीत रात्री मोठ्या असतात, राखणीच्या निमित्तानं माणसं रानातच असतात, हे प्रकार तेव्हाच वाढतात, म्हणून ते पौषातच निघायचे. लिंबं उचलायची आणि मठात नेऊन पुरायची. किती वर्षं चाललंय ते त्यांनी सांगितलं नाही.

“मला सांगायचंत तरी.”

“सांगितलं असतं, तर आज तुला खोटं बोलावं लागलं असतं.”

श्रीरंगनं मान खाली घातली. मी काही पाहिलेलं नाही. दर वेळी पाठमोरं बसवत होते ते हे वाक्य त्याला खरेपणानं म्हणता यावं म्हणून. त्यानं ते म्हटलंही होतं, आणि त्याच्या अगोदर दुसरंही एक म्हटलं होतं, जे खरं नव्हतं.

“मी तुमच्याबरोबर नाही म्हणालो.”

बुवांनी गालावर पुन्हा पाणी मारलं.

“तुम्ही तरी म्हणायचं होतं, दगडाखालून उचललं म्हणून. आमचं नाही म्हणून.”

“मग कुणाचं?”

“त्यांच्याच गावातल्या कुणाचं तरी.”

“हां,” बुवा म्हणाले. “मग संध्याकाळपर्यंत घरोघरी तेच. शेजारी शेजाऱ्याच्या दाराकडं बघणार. भाऊ भावाच्या. बाहेरच्या गोसाव्याचा संशय बरा… तो निघून जातो.”

श्रीरंगला त्या नखांची आठवण झाली. तो म्हणाला, “बुवा, तो माणूस…”

“नाव घेऊ नकोस.”

म्हणजे यांनीही पाहिलंय, श्रीरंगला वाटलं. पाहिलं, ओळखलं, आणि त्याच्याच हातची थप्पड खाऊन गप्प बसले. आपण नोकरी सोडून ज्याच्या पायाशी आलो तो माणूस आपल्याला आज कळला, असं त्याला वाटलं, आणि त्याला रडू आलं. त्यानं ते ओढ्याच्या पाण्यात धुऊन टाकलं.

तेवढ्यात मागं वाटेवर पावलं वाजली. कुणीतरी पळत येत होतं.

रंभाजी होता. एकटाच. धापा टाकत होता, हातात काही होतं. श्रीरंग झटकन उठला, त्यानं ओढ्यातला एक गोटा उचलला आणि बुवांच्या पुढं जाऊन उभा राहिला. कशासाठी आला असेल हा? नखं बघितलेले आपण दोघंच राहिलो, तेवढे मिटवायला?

“आहेस तिथं थांब,” श्रीरंग म्हणाला.

रंभाजी थांबला. त्याच्या हातात बुवांचा फेटा होता. झटकून, घडी घालून आणलेला. तो त्यानं वाळूवर ठेवला आणि तिथंच गुडघ्यांवर बसला. श्रीरंगच्या हातातला गोटा तसाच राहिला.

मग रंभाजी सांगू लागला. कुण्या भगतानं त्याला नादी लावलं होतं. दगडाखाली हंडा आहे, तुझ्या पणज्याचाच आहे, म्हणाला. पोराबिराचं काही मनात नव्हतं, ते गावानंच उठवलं. पण उठल्यावर तो घाबरला, आणि घाबरला म्हणून राखणीत सगळ्यांच्या पुढं राहू लागला. त्याच्या घरातही दोन लेकरं दाराआड कोंडून होती. त्याच्यामुळंच कोंडून होती.

“उलट तुमच्यावरच हात टाकला,” तो म्हणाला. “तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलं असतं तरी त्यांनी मला तिथंच गाडलं असतं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, बुवा. मग माझं नाव का नाही सांगितलं?”

बुवांनी फेटा उचलला. उलगडला. एक टोक दातांत धरून सावकाश डोक्याला गुंडाळला…

“मला कुठं ठाऊक होतं, बाळा,” ते म्हणाले. “आत्ता तूच सांगितलंस.”