तिरकी चालणारी भिंगरी

फार पूर्वी एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कळ दाबली गेली, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा लोखंडी पट्टीवर, तारेतून वाहत आलेल्या विजाबाईला मुलगी झाली. पट्टीतले इवले इवले चुंबक एकमेकांचे हात धरून गोल फिरले, तीच ही भिंगरी. तिला एक निरोप पलीकडच्या टोकाला न्यायचा होता.

विजाबाई मागून हळूच ढकलायची. भिंगरी पुढे सरकायची, पण जराशी बाजूला.

"अगं, सरळ चाल की! शेजारच्या पट्टीवरची भिंगरी बघ कुठल्या कुठे गेली."

"आई, मी गोल फिरते ना, म्हणून तिरकी जाते."

पट्टीच्या कडेला काठमामा बसलेला होता. तो म्हणाला, "ताई, जाऊ दे तिला तिच्या चालीनं. कडेला आली तर मी आत सारीन. फक्त जोर करू नकोस."

"तुला काय, नुसतं बसून बोलायला!"

पोर मागे राहिली तर, या घोरानं विजाबाईनं सगळं बळ लावून ढकललं. भिंगरी पुढे गेली, त्याहून जास्त बाजूला गेली. मामानं हात आडवे घातले, पण त्याचं काही चालेना.

"आई, हळू गं!"

भिंगरी काठावर विरून गेली. मागे सगळे चुंबक सरळ उभे राहिले, विजाबाईला हवे होते तसे. निरोप काही पोचला नाही.

विजाबाई आजही त्या पट्टीवरून जाते, पण अगदी हळू. मागून आपापली भिंगरी ढकलत येणाऱ्या प्रत्येक आईला विनवते, "बाई गं, माझी पोर तिरकी चालत होती, पण चालत होती. तुझ्या मागच्या आईलाही एवढं सांग."