सुताराचा दगड

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. त्या राज्यात सात गावं होती आणि सातही गावांना विटीदांडूचं वेड होतं. सुगी आटोपली की लहानथोर दांडू घेऊन बाहेर पडत आणि होळी येईपर्यंत कुणाचं घरात लक्ष नसे.

होळीच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या मधल्या माळावर शेवटचा खेळ होई. ज्याचा टोला सर्वांत लांब जाई, त्याची विटी पडली तिथे एक दगड ठेवत. अंतर मोजायची पद्धतच नव्हती, दगड हेच माप. पुढे कुणी तो ओलांडला, की दगड उचलून नव्या जागी न्यायचा आणि जुनी जागा विसरून जायचं. ज्याचा दगड, त्याला दरवर्षी सर्वांत शेवटी खेळायचा मान.

बारा वर्षं तो दगड एका सुताराचा होता.

त्या एका हंगामात सुताराला काय झालं होतं, देव जाणे! सातही गावांत त्याच्याइतका लांब टोला कुणाचा गेला नाही. शेवटच्या खेळात तर त्याची विटी माळ ओलांडून पार तरवडाच्या झुडपांपाशी पडली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल इतका उधळला, की घरी आल्यावर बायकोनं त्याला आधी ओळखलंच नाही.

पुढच्या वर्षी मात्र विटी अर्ध्यावर पडली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

लोकांना त्याचं काही वाटलं नाही. दगड तर होता! पोरं लांबून बोट दाखवायची, "तो सुतारकाकांचा दगड." पण सुताराच्या जिवाला चैन पडेना. तो म्हणे, दांडूच खोटा आहे. मग त्यानं बाभळीचा दांडू टाकला, चिंचेचा केला. चिंचेचा टाकून शिसवीचा केला. आढ्याला दांडूंची मोळी टांगली गेली आणि लोकांचे नांगर अंगणात तसेच पडून राहिले.

"अहो, एखाद्या वर्षी आंब्याला बहर जास्त येतो," बायको म्हणाली. "म्हणून दरवर्षी झाडाला जाब विचारतं का कुणी?"

"तुला नाही कळायचं. लोक म्हणतात, चुकून लागला टोला."

"कोण म्हणतं?"

कुणीच म्हणत नव्हतं. तो स्वतःच म्हणत होता, उठता-बसता, रंधा मारता मारता. त्याला एकदाच, फक्त एकदाच तो दगड पुन्हा ओलांडायचा होता.

शेवटच्या खेळातही त्याचं ध्यान ठिकाणावर नसे. आपली पाळी येईपर्यंत तो माळाकडे पाठ करून बसे आणि दांडू कानशीनं घासत राही. दुसऱ्यांचे टोले कुठवर जातात, हे त्यानं बारा वर्षांत एकदाही मान वळवून पाहिलं नाही.

तेराव्या वर्षी होळीला चार दिवस असताना सगळं गाव बाजाराला गेलं. भर दुपारी सुतार पहार घेऊन माळावर आला. त्यानं दगड उचकटला, लोटत लोटत तीस पावलं अलीकडे आणला आणि नीट बसवला. जुन्या जागी दगडाखालचं गवत पांढरं पडलं होतं. तिथे त्यानं माती पसरली. मनात म्हणाला, "माझाच तर दगड आहे. कुणाचं काय घेतलं मी?"

खेळाचा दिवस उजाडला. दगड हलला असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही; दगड हेच माप, त्यावर कोण शंका घेणार? सुतार नेहमीसारखा पाठ करून बसला. आज मात्र त्याचा हात कानशीवर चालत नव्हता. कधी एकदा पाळी येते असं त्याला झालं होतं.

इतक्यात माळावर आरडाओरडा झाला. त्यानं वळून पाहिलं, तर एका विणकराची विटी दगडापलीकडे पडलेली! मागोमाग एका मेंढपाळाची पडली. मग उठला कासार, आयुष्यभर बांगड्या भरणारा, मऊ हातांचा माणूस. त्यानं विटी कोलली, टोला हाणला आणि ती त्या दोघांच्याही पुढे गेली.

लोक नाचू लागले. म्हातारे पाटील काठी टेकत आले आणि त्यांनी दगड उचलायला लावला. मग ते सुताराकडे वळले. "बारा वर्षं मिरवलास, गड्या. शेवटची पाळी तुझी. खेळ."

सुतार दांडू घेऊन उभा राहिला. त्यानं तीनदा विटी उडवली आणि तिन्ही वेळा दांडू नुसताच हवेत फिरला.

कासार हात जोडून त्याच्यापाशी आला. "दादा, आमची कुठं तुमच्याशी बरोबरी? आज वाराच माझ्या बाजूनं होता."

"सुतार, तुझं काही म्हणणं?" पाटलांनी विचारलं.

सुतारानं तोंड उघडलं. खरी जागा तिथून दिसत होती, कासाराच्या विटीच्याही वीस पावलं पुढे, तरवडापाशी. आपला खरा टोला परत मागायचा, तर आधी आपली चोरी सांगायला हवी होती. त्यानं तोंड मिटलं. "काही नाही," तो म्हणाला.

दगड कासाराचा झाला.

वर्षं लोटली. ज्यांनी तो टोला पाहिला होता, ती माणसं एकेक करून गेली. सुतार म्हातारा झाला. माळावर खेळणाऱ्या पोरांना तो हात लांब करून सांगे, "माझी विटी पार तिकडे पडली होती, त्या तरवडाजवळ." पोरं आधी दगडाकडे बघत, मग तरवडाकडे, आणि हसून म्हणत, "आजोबा, थापा तरी जपून मारा!"

आयुष्यातला तो एकच टोला अगदी खरा होता, आणि आता त्याच्यावरच कुणाचा विश्वास बसत नव्हता.

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: एकदा लाभलेल्या यशावर समाधान मानावं, ते पुन्हा मिळवण्यासाठी जो खोटेपणा करतो, तो खरं मिळवलेलंही गमावतो.